टायरांची खांदशेकणी

माझ्या गाडीत दोनच माणसं बसतात, ही गोष्ट बाबांना पहिल्या दिवसापासून खटकली होती. ती जुनी निळी स्पोर्ट्स कार मी पुण्याहून चालवत रामाकोन्याजवळच्या आमच्या शेतावर आणली, तेव्हा ते संत्र्याच्या बागेत पाणी देत होते. हातातला पाइप खाली न ठेवता त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीचे लोक कोठी बसतेत?"

"बाकीचे कोणीच नाही बाबा. एक मी अन् एक तुमी."

"मी नाही बसत," ते म्हणाले आणि पाइप घेऊन पुढच्या झाडाकडे गेले.

आई बसली. सौंसरच्या बाजारात जाऊन आली आणि पाटावर बसून रस्त्याने घसरत गेल्यासारखं वाटलं म्हणाली. शेजारपाजारचे बसले, दवाखान्यातली मदतनीस बसली, एका पेशंटने दाढ काढून झाल्यावर बक्षीस म्हणून चक्कर मागितली. बाबा तेवढे बसले नाहीत. मी दातांची डॉक्टर आहे, सौंसरला माझा छोटा दवाखाना आहे, आणि तोंड न उघडणाऱ्या माणसाचं तोंड उघडायची मला चांगली सवय आहे. पण बाबांपुढे माझं काही चालेना.

त्यांना वेगाचं वावडं होतं असं अजिबात नाही. तरुणपणी ते शंकरपटाचे धुरकरी होते. म्हणजे हलक्या छकड्याला बैलांची जोडी जुंपायची आणि दुसऱ्याच्या जोडीशी सरळ पट्टीवर धावायचं. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं असं लोक अजून सांगतात. मग एका पटात दवाने ओल्या झालेल्या जमिनीवर त्यांच्या उजव्या बैलाचा पाय सरकला. जोडी पडली, छकडा उलटला. बाबांचं खांद्याचं हाड मोडलं ते जुळलं, बैल मात्र जन्माचा लंगडा झाला. त्याला त्यांनी विकलं नाही, गोठ्यात मरेपर्यंत सांभाळलं, आणि पुन्हा कुठल्याही पटाला पाऊल ठेवलं नाही. हे सगळं मला आईने सांगितलं. बाबा त्यावर कधी बोलत नाहीत. फक्त पावसाळ्यात मी गाडी काढली की "जमीन पाहून जाय" एवढं म्हणतात.

यंदा पावसाळ्यात मला एक बातमी लागली आणि मी अक्षरशः खुर्चीवरून उठून नाचले. नागपूरच्या पलीकडे विमानांसाठी बांधलेली एक जुनी, बंद पडलेली धावपट्टी आहे. तिथे हौशी लोक गाड्या पळवायचा दिवस ठेवणार होते. शर्यत म्हणजे एकमेकांशी नाही. शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. अट एकच, पण गमतीची: गाडी टेम्पोवर लादून आणायची नाही. घरून चालवत यायचं, त्याच टायरवर पळायचं आणि त्याच टायरवर घरी जायचं. म्हणून टायर रस्त्यावर चालवायला कायद्याने मान्य असलेलेच हवेत. आणि खाली शेवटी लिहिलं होतं की दुपारच्या फेऱ्यांना शेजारच्या सीटवर एक माणूस बसवता येईल.

ते शेवटचं वाक्य वाचलं आणि माझं ठरलं. त्या सीटवर बाबा बसणार. वेळ चांगली लागली तर हवीच होती, मी काही साधुसंत नाही. पण मला खरोखर हवं होतं ते हेच, की ज्या माणसाचं रक्त माझ्या अंगात पळतंय त्याने एकदा माझ्या शेजारी बसून मी काय करते ते बघावं.

आता आधी टायर बघायला हवे होते. गाडीबरोबर आलेले टायर दिसायला ठीकठाक होते, नक्षी शाबूत होती, पण रबर म्हाताऱ्या टाचेसारखं कडक झालेलं. त्यावर धावपट्टीवर जाणं म्हणजे हसं करून घेणं. मग दवाखान्यात दोन पेशंटच्या मधे मी मोबाइल घेऊन बसू लागले. एवढा अभ्यास मी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेलासुद्धा केला नव्हता.

साधा टायर कडक असतो, वर्षानुवर्षं टिकतो, पाणी बाजूला सारतो. निव्वळ शर्यतीचा टायर लोण्यासारखा मऊ आणि गुळगुळीत असतो, जमिनीला घट्ट धरतो, पण तो रस्त्यावर चालवायला बंदी. या दोघांच्या मधे एक जात असते, रस्त्यावरही चालणारी आणि पट्टीवरही पळणारी. टायरच्या बाजूवर रबर किती झिजतं त्याचा एक आकडा कोरलेला असतो, जितका कमी तितकं रबर मऊ. आणि या मधल्या जातीतसुद्धा पुन्हा दोन घराणी! एक अगदी मऊ, नक्षी नावापुरती, कोरड्या आणि तापलेल्या जमिनीवर अफलातून, पण साचलेल्या पाण्यात होडी. दुसरं थोडं कमी मऊ, खोल चरे असलेलं, पाऊस आला तरी शुद्धीवर राहणारं.

मला पहिलं हवं होतं. नुसते फोटो बघूनच मी त्याच्या प्रेमात पडले होते. रूट कॅनलसाठी तोंड उघडून बसलेल्या एका गुरुजींना मी सगळं समजावून सांगितलं, कडेची ताकद, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर, सगळं. ते बिचारे "आँ, आँ" करत होते. होकार समजून मी पुढे सांगत राहिले.

टायर मागवायचे ते पांढुर्ण्याहून. तिथे स्टेशनच्या रस्त्यावर आमच्या ओळखीचं एक दुकान आहे. दुकानदार ट्रॅक्टरचे, संत्र्याच्या ट्रकचे टायर विकतो, पण मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांशी त्याचा फोनवर रोजचा संबंध. बाबांना फवारणीचा पंप घ्यायला पांढुर्ण्याला जायचंच होतं. माझ्या गाडीत ते बसणार नाहीत म्हणून आम्ही दोघं त्यांच्या पिकअपमधून गेलो.

दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं, फोटो पाहिले आणि डोळे मोठे केले.

"ताई, हे घालून तुमी पांढुर्ना-सौंसर रोडनं जासान? पावसाचे दिवस हायेत ना!"

"रस्त्यावरही चालतात भाऊ, पट्टीवरही पळतात. तेच तर पाहिजे."

बाबा दारात स्टुलावर बसून चहा पीत होते. इतका वेळ त्यांचं लक्ष रस्त्यावरच्या रहदारीकडे आहे असं मला वाटत होतं. ते एकदम हसले.

"एकच बैल पट बी मारन अन् औत बी ओढन? म्या त असा बैल पाह्यला नाही."

"असतो बाबा. आता असतो."

"असन. पन मंग तो पटात थोडा मागं राहीन, अन् औतात थोडा नखरे करीन."

एवढे दिवस मी जे इंग्रजीतून वाचत होते ते या माणसाने एका घोटात सांगून टाकलं होतं. दुकानदारही हसायला लागला. तेवढ्यात मी संधी साधली आणि विचारून टाकलं, "बाबा, तिथं शेजारी एक माणूस बसवता येते. तुमी बसान का?"

त्यांनी कप खाली ठेवला. समोर रचलेल्या टायरांपैकी एकाच्या चऱ्यांतून अंगठा फिरवला.

"बसीन का नाही ते मंग पाहू," ते म्हणाले. "पन बसलोच, अन् थे सरकली, त तुह्या गाडीचं तोंड नाही पाहनार मी. आतापासून सांगून ठेवतो."

दुसऱ्या कोणाला हा नकार वाटला असता. मी मात्र या माणसाला ओळखते. इतके दिवस नुसतं "नाही" होतं, आता त्यात "बसलोच" आलं होतं! आणि त्याच क्षणी माझा आवडता, मऊ, नावापुरत्या नक्षीचा टायर बाद झाला. पावसाळ्याचे दिवस, शंभर टक्के कोरडी जमीन मिळेल याची खात्री कोण देणार? मी एकटी असते तर जुगार खेळले असते. शेजारी बाबा असतील तर नाही. मी दुकानदाराला दुसरं घराणं मागवायला सांगितलं. मन थोडं खट्टू झालं, खोटं कशाला बोलू.

"पोळ्याच्या आधीच घेऊन जा ताई," दुकानदार म्हणाला. "गोटमारच्या दिवशी इथं शटर उघडत नाही." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या नदीवर दोन काठांची माणसं एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार.

टायर आले त्या दिवशी दवाखान्याला दुपारनंतर कुलूप लावून मी पांढुर्ण्याला गेले. दुकानातले सगळे हातातलं काम सोडून भोवती जमले होते. जो तो बोटाने दाबून बघत होता. नव्या रबराचा तो वास! बाजूवरचा बाण पुढच्या दिशेला आहे ना, आतली बाजू आत आणि बाहेरची बाहेर आहे ना, हे मी प्रत्येक चाकाशी उकिडवं बसून पाहिलं. बनल्याचा आठवडा आणि वर्ष वाचलं. ताजे होते, अगदी ताजे. दुकानदाराने शेवटचा नट आवळला आणि मागे सरून म्हणाला, "आता दिसून राहिली गाडी!"

नव्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, तो झिजेपर्यंत सांभाळून चालवायचं असतं. म्हणून आधी मी अगदी नव्या सुनेसारखी निघाले. चाकांना चिकटलेले बारीक खडे आतल्या पत्र्यावर तडतड उडत होते, लाह्या फुटाव्यात तशा. हळूहळू गाडीची चाल बदलली. स्टिअरिंग जरा वळवावं तर पुढचं टोक लगेच तिकडे. बोरगावच्या अलीकडच्या वळणावर मी जरा धीर केला, आणि गाडी अशी काही वळली की मी एकटीच मोठ्याने ओरडले. कपाशीत डवरणी करणारी दोन माणसं मान वर करून बघत राहिली. मी त्यांना हात केला आणि गात गात घरी आले. मला गाता येत नाही.

गाडी शेतावर ट्रॅक्टरच्या शेजारी, शेडमध्ये ठेवली. धावपट्टीचा दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी होता. शुक्रवारी सणाआधीची पेशंटची गर्दी म्हणून मी सौंसरलाच राहिले आणि शनिवारी, पोळ्याच्या सकाळी, स्कूटरवरून घरी गेले. आधी आईला भेटावं, चहा घ्यावा, ते काही नाही. तडक शेडमध्ये.

चारही टायर पिवळे होते. पिवळे आणि तुळतुळीत. मी वाकून बोट लावलं. बोटाला लोणी आलं, हळद घातलेलं लोणी. नुसतं बाजूला नाही. जिथे टायर जमिनीला टेकतो तिथेसुद्धा, चऱ्यांत बोटं घालून घालून, कोणीतरी मनापासून चोळलं होतं.

"कोनं केलं हे?" मी अशी किंचाळले की पलीकडच्या झाडावरचे पोपट उडाले. "कोनाले अक्कल नाही का? लोणी! टायरले लोणी! उद्या मी मरू का तिथं?"

बाबा शेडच्या मागून आले. त्यांचे तळहात अजून पिवळे होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात. ते गरम पाण्यात बुडवलेल्या पळसाच्या पानांनी शेकायचे, लोणी आणि हळद लावून चोळायचे, आणि बैलांना आवतण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमच्या गोठ्यात आता बैल नाहीत. काही वर्षांपासून बाबा ट्रॅक्टरलाच हळदीचं बोट लावतात आणि उरकतात. एवढ्या प्रेमाने, एवढं लोणी लावून त्यांनी बऱ्याच वर्षांत काही केलं नव्हतं. हे मला मागून धावत आलेल्या आईने सांगितलं.

"लोनी म्याच देल्लं," ती म्हणाली. "म्हने, उद्या-परवा हिच्याच भरोशावर बसाचं हाय, त हिची सेवा कराले पाह्यजे."

म्हणजे ते बसणार होते. ठरलं होतं त्यांचं! मला सांगायची पद्धत ही एवढीच होती, आणि मी गावाला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली होती. मला रडूही येत होतं आणि हसूही. मी पुढे झाले, पण बाबांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने माझे पाय थांबले. ते टायरकडे बघत होते. लोणी म्हणजे काय, जमिनीवर ते काय करेल, हे समजायला त्यांना माझ्या ओरडण्याची गरज नव्हती.

"माह्याच हातानं सरकवली असती," ते हळू म्हणाले. "तू जाय उद्या. मी नाही येत."

"बाबा, धुतलं की निघते ते."

"मी नाही येत म्हनलं ना." आणि ते बागेत निघून गेले.

मग मी ओढणी कमरेला खोचली आणि कामाला लागले. गाडी एकेका बाजूने जॅकवर चढवली, चाकं काढली, चुलीवर पाणी तापवलं, कपड्याचा साबण घेतला आणि घासायला बसले. लोणी ही चीज पोटात चांगली, टायरच्या चऱ्यांत नाही. बाहेर एकेकाचे ट्रॅक्टर धुऊन, फुगे आणि हार बांधून, गावचा पोळा भरतो त्या तोरणाकडे निघाले होते. दोन-चार घरी अजून बैल आहेत, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आईच्या पुरणाचा वास सगळ्या अंगणात पसरला होता. आणि मी शेडमध्ये बसून, दातांतून कीड काढावी तशी, चऱ्यांतून हळद काढत होते.

पहिलं चाक होत आलं तेव्हा सावली पडली. बाबा उभे होते, एका हातात नारळाच्या काथ्याचा ब्रश आणि दुसऱ्या हातात रॉकेलचा डबा.

"रॉकेल नाही!" मी पुन्हा ओरडले. "रबर खाते ते!"

त्यांनी डबा निमूट बाजूला ठेवला आणि समोर बसून दुसरं चाक ओढून घेतलं. ते घासायचे, पाणी ओतायचे, मग खांद्यावरचं पांढरं उपरणं ओलं करून रबरावर जोरात फिरवायचे. उपरण्यावर पिवळं आलं की पुन्हा पहिल्यापासून. मी दोनदा म्हटलं, झालं बाबा. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. आईने जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा चिडून मारली, तेव्हा उठले. संध्याकाळी तोरणाला ट्रॅक्टर नेऊन आले आणि परत येऊन शेवटचं चाक घासलं. उपरणं पांढरं राहिलं, तेव्हा मला दाखवलं.

रविवारी सकाळी मी निघाले तर ते फाटकाशी उभे. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पिशवी.

"सौंसरच्या नाक्यापर्यंत येतो," ते म्हणाले. "टायर बरोबर धुतले गेले का नाही ते पाह्यलं पाह्यजे. मंग मी बसनं वापस येईन."

आमची वाट सौंसरवरूनच जाते. गाडीत शिरताना त्यांना गुडघे छातीशी घ्यावे लागले. मी हसू दाबून धरलं. नाक्यापर्यंत ते काचेतून सारखे पुढच्या रस्त्याकडे बघत होते. नाका आला. मी गाडी कडेला घेतली. "अजून नीट समजलं नाही," ते म्हणाले, "सावनेरपर्यंत चाल." सावनेरला चहा घेतला, बस समोर उभी होती. बाबा बसकडे बघून म्हणाले की ही फार भरलेली आहे. नागपुरात त्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीची गर्दी, म्हणून मी बाहेरच्या रिंग रोडने गेले. तिथे काही ते उतरणार नव्हतेच. त्यांनी फक्त पिशवी मांडीवरून काढून पायाशी ठेवली. मला इतका आनंद झाला होता की मी रस्ता चुकले आणि एक चौक उगीच फिरून आले.

धावपट्टीवर पन्नास तऱ्हेच्या गाड्या, पन्नास तऱ्हेचे आवाज. गाड्या तपासणारा तरुण नागपूरचाच होता. माझ्या टायरच्या बाजूवरून त्याने बोट फिरवलं. एका कोरलेल्या अक्षराच्या खाचेत अजून थोडी हळद होती.

"हे काय आहे मॅडम?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "खांदशेकनी झाली तिची."

तो मुलगा खदखदून हसला आणि त्याने चार जणांना बोलावून आणलं. जमिनीला टेकणाऱ्या सगळ्या भागावरून हात फिरवून झाल्यावर त्याने गाडी पास केली.

सकाळच्या फेऱ्या मी एकटीने मारल्या. ऊन होतं, पट्टी तापली होती. टायर तापले आणि त्यांनी जमीन अशी धरली की वळणावर माझा गाल एका बाजूला ओढला गेला. मऊ टायरवाले माझ्यापेक्षा वेगवान होते, त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटला, स्पष्ट सांगते. पण मी त्यांच्या फार मागे नव्हते! प्रत्येक फेरीनंतर मी येऊन बाबांना काय झालं ते हातवारे करून सांगायची. ते कठड्यापाशी बसून नुसते ऐकत आणि चाकांकडे बघत.

दुपारी शेजारी माणूस बसवायच्या फेऱ्या सुरू व्हायच्या वेळेला ढग आले. भुरभुर लागली आणि बघता बघता पट्टी काळी पडली. एका मऊ टायरवाल्याने पहिल्याच वळणात गिरकी घेतली आणि शंकूंची रांग उडवली. बाकीच्यांनी गाड्यांवर कापड टाकायला सुरुवात केली. मला वाटलं संपलं. आज इथपर्यंत आले हेच खूप, असं मनाला समजावत मी बाबांकडे गेले.

ते उठून उभे होते. टोपी काढून खिशात घातली होती.

"थे डोक्याचं दे," ते हेल्मेटकडे बोट दाखवून म्हणाले.

"बाबा, ओलं झालं आता. सरकू शकते."

"ओल्यातच पाह्याचं हाय मले."

त्यांचे पट्टे मी बांधले, हनुवटीखालचं बक्कल लावलं. झेंडा खाली गेला आणि आम्ही निघालो. सरळ पट्टी, पाणी चाकांखालून सर्रकन बाजूला फेकलं जाताना ऐकू येत होतं. ब्रेक, उजवं वळण, गाडी नीट आली. पुन्हा उजवं, तेही आलं. मग लांब डावं वळण, जिथे विमानांसाठी रंगवलेला जुना पांढरा पट्टा अजून शिल्लक आहे. ओल्या रंगावर मागचं चाक गेलं आणि गाडीची मागची बाजू सुटली.

सरळसरळ सरकली. एका क्षणात मला बाबा आठवले, बाबांची अट आठवली, आणि पुढच्या क्षणात काहीच आठवलं नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय दचकून उचलला नाही, हळू सोडला. हातांनी स्टिअरिंग उलटं दिलं. डोळे जिथे जायचं होतं तिथेच. रंगाच्या पलीकडे टायरांनी डांबर धरलं, गाडी एकदा झटक्याने डुलली आणि सरळ झाली. आणि डावीकडून हेल्मेटच्या आतून एक लांब आरोळी आली. बैलांना हाकायची आरोळी, पोटातून काढलेली. मी ती त्यांच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. शेवटच्या शंकूपर्यंत ती थांबली नाही.

गाडी उभी केली. वायपर एकटेच फिरत होते. मी त्यांच्याकडे बघायला धजत नव्हते.

"सरकली होती ना?"

"हो बाबा."

"मले समजलं. कंबरेत समजते थे." ते माझ्याकडे वळले. "घाबरली नाही तू?"

"घाबरली ना. खूप घाबरली."

"मंग?"

"मंग काय? हात आपोआप फिरले."

"फिरतेत," ते म्हणाले. एका धुरकऱ्याने दुसऱ्याला सांगावं तसं, अगदी साध्या आवाजात. "हात फिरतेत."

माझ्या हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती. तेवढ्यात तो तपासणीवाला मुलगा छत्री घेऊन धावत आला, काका ठीक आहेत का बघायला. बाबांनी काच खाली केली. पाऊस त्यांच्या मांडीवर पडत होता. तो मुलगा मराठी आहे हे त्या धांदलीत ते विसरले असावेत, कारण त्यांनी त्याला हिंदीत विचारलं, "और एक बार जाने देते क्या?"